खेळानं मनं जुळतात, पण आपोआप नाही



ऑफ तासाला मुलांना मैदानावर सोडलं की पहिली पाच मिनिटं जरा लांब उभं राहून बघा. शिट्टी वाजवू नका, सूचना देऊ नका, नुसतं बघा. दोन दांडगी मुलं कुणी न सांगता कॅप्टन होतात. मग भिडू वाटून घेणं सुरू होतं. आधी चांगले बॅट्समन जातात, मग जवळचे दोस्त, मग एकाच आळीतले, एकाच वस्तीतले. शेवटी तीन-चार जण उरतात आणि 'हे तूच घे, मला नकोत' असं त्यांच्या तोंडावर बोललं जातं. हे उरणारे कोण असतात ते महिनाभर लिहून ठेवा. मग कोण कुठं राहतं हे आठवत ती यादी पुन्हा वाचा. मी हा उद्योग एका सत्रात केला होता. त्यानंतर बरेच दिवस मला क्रीडादिनाचं भाषण करवेना.

कारण त्या भाषणात आपण दरवर्षी एकच गोष्ट सांगतो, की खेळानं माणसं जोडली जातात, जात-धर्म विसरले जातात. मीसुद्धा हे कितीतरी वेळा बोललोय. पण आपल्याच तालुक्यातल्या स्पर्धा आठवून बघा. रात्री दहाला लाइटच्या उजेडात चाललेला अंतिम सामना, एक रनआउट, पंच कुठल्या गावचा यावरून आरडाओरडा, मग स्टंप उपसले जातात. पुढचे सहा महिने त्या दोन गावांची पोरं एसटीत एकमेकांशेजारी बसत नाहीत. इथंही खेळच होता ना? मग जोडलं कोण गेलं?

माझं म्हणणं सरळ आहे. खेळ जोडतोही आणि तोडतोही. काय होणार हे ठरतं संघ कसे पाडले, नियम कुणी केले आणि सामना संपल्यावर काय झालं यावरून. हे तिन्ही निर्णय आपल्या गावात-शहरात शाळा घेत नाही. ते घेतात तरुण मंडळं, क्रीडा मंडळं आणि वस्तीतले विशी-पंचविशीतले 'दादा'. त्यांना आपण बॅट देतो, नेट देतो, नेत्याचा फोटो छापलेले टी-शर्ट देतो, चषक देतो. हे निर्णय कसे घ्यायचे, एवढं मात्र कुणीच शिकवत नाही.

आता हे नुसतं माझं मत म्हणून सोडून देऊ नका, आपल्याकडचीच एक जुनी गोष्ट बघू. मुंबईच्या क्रिकेटची.

इंग्रजांच्या काळात मुंबईतली सगळ्यात मोठी स्पर्धा धर्मावर उभी होती. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदू आले, १९१२ पासून मुस्लिम आणि १९३७ पासून 'रेस्ट' म्हणजे उरलेल्यांचा संघ, ज्यात ख्रिश्चन वगैरे होते. तिरंगी, चौरंगी आणि शेवटी पंचरंगी. क्रिकेट उत्तम व्हायचं, गर्दी प्रचंड. खेळाडूंची आपसांत मैत्रीही असायची, नाही असं नाही. पण प्रेक्षकाला घरून निघतानाच 'आपला संघ' कोणता हे धर्मानं ठरवून दिलेलं होतं. १९४० मध्ये गांधीजींनी अशा धर्मवार खेळाला उघड नापसंती दाखवली. १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच झाली.

याच स्पर्धेतल्या हिंदू संघात पळवणकर बाळू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी करून तयार झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. सवर्ण खेळाडूंना संघात त्यांची बोटं हवी होती, कारण त्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हतं. पण चहाच्या सुट्टीत? बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं.

इथं थांबून विचार करा. एकच संघ, एकच ध्येय, एकाच्या चेंडूवर दुसऱ्यानं घेतलेला झेल. 'खेळ जोडतो' हे खरं असतं तर ते भांडं पहिल्याच सामन्यात फुटायला हवं होतं. तसं झालं नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना सुनावलं, की मैदानावर त्याच्यासोबत खेळता तर चहा-फराळही सोबत घ्या. म्हणजे कुणीतरी अधिकारानं तो प्रश्न मोठ्यानं विचारावा लागला. खेळानं फक्त संधी तयार केली होती. त्या संधीचं काही करायला एक माणूस लागला, आणि त्याला ते बोलायचं असतं हे ठाऊक असावं लागलं.

तरीही बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. १९२० मध्ये बाळूंना डावललं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. मग तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार केलं. विठ्ठल पुढे १९२३ मध्ये कर्णधार झाले. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलंय. शाळेच्या ग्रंथालयात ते मिळणं अवघड, पण जुन्या सार्वजनिक वाचनालयात जरूर शोधा. ही माघार मी मुद्दाम सांगतोय, त्याकडे पुन्हा येईन.

आता अलीकडचा पुरावा. मॅथ्यू लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत क्रिकेटच्या लीग भरवल्या. वेगवेगळ्या जातींचे १२६१ तरुण या अभ्यासात होते. काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे कुणाच्या मर्जीनं नव्हे, मिश्र जातीच्या संघात टाकलं. काहींना एकाच जातीच्या संघात. काहींना खेळायलाच घेतलं नाही, तुलनेसाठी. २०२१ मध्ये हा अभ्यास छापून आला. जे मिश्र संघात एकमेकांचे भिडू म्हणून खेळले त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. 'आपल्या जातीचा तो आपला' हा कल कमी झाला. देवाणघेवाणीच्या व्यवहारातही ते दुसऱ्या जातीच्या माणसाशी जास्त शहाणपणानं वागले. पण दुसऱ्या जातीच्या लोकांशी ज्यांचा संबंध फक्त समोरचा प्रतिस्पर्धी म्हणून आला, त्यांच्यात बहुतेक बाबतींत उलटं झालं, अंतर वाढलं.

खेळ तोच, मैदान तसंच, चेंडू तोच. फरक एवढाच की दुसरा माणूस माझ्या बाजूला होता की समोर. हे वाचल्यावर मला आपल्याकडच्या समाजवार प्रीमियर लीग आठवल्या. अमुक समाज प्रीमियर लीग, तमुक समाज चषक. पोस्टर छान, बक्षिसं मोठी, ड्रोनवरून शूटिंग. गावोगाव हे वाढतंय आणि कित्येकदा मैदान शाळेचंच असतं.

यावर लगेच एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. ज्या वस्तीतल्या पोराला गावच्या संघात कधी बॅटच मिळाली नाही, त्यानं स्वतःचा संघ काढला तर त्यात चूक काय? काहीच नाही. जयंतीच्या निमित्तानं होणाऱ्या वस्तीच्या स्पर्धांनी कितीतरी मुलांना पहिल्यांदा सलामीला पाठवलंय. तो संघ तोडायला मी सांगत नाही. मी विचारतोय ते गावच्या संघाला, की ही मुलं तुमच्यात का नव्हती? आणि शाळेचं मैदान मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुणीही असो, निदान एक दिवस मिश्र संघांचा ठेवा असं सांगायला आपली हरकत काय? मुख्याध्यापक भाडं विचारतात, विजेचं बिल विचारतात. हेही विचारावं.

पण मिश्र संघ पाडा म्हणून सोडून दिलं तर काय होतं? बाळूंचा संघ मिश्रच होता. म्हणून प्रशिक्षणाचा मुद्दा येतो, आणि त्यासाठी थोडं लांब, कोलंबियातल्या मेडेलिन शहरात जावं लागेल.

मेडेलिन हे त्या काळी अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे बदनाम झालेलं शहर. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि संघ अमेरिकेविरुद्ध हरला. घरी परतल्यावर काही दिवसांतच त्याच्याच शहरात, म्हणजे मेडेलिनमध्ये, त्याला गोळ्या घालून ठार केलं गेलं. युर्गन ग्रीसबेक हा जर्मन तेव्हा त्या शहरात होता. ज्या खेळासाठी माणूस मारला जातो तोच खेळ घेऊन वस्त्यांतल्या तरुणांत काम करायचं त्यानं ठरवलं, आणि १९९६ मध्ये 'शांतीसाठी फुटबॉल' उभं राहिलं.

त्यांनी खेळाच्या रचनेतच हात घातला. सामन्याचे तीन भाग. पहिल्या भागात चेंडू नसतोच. दोन्ही संघ गोल करून बसतात आणि आजचे नियम स्वतः ठरवतात. कुणी पडलं तर उठवायला कोण जाणार, शिवी आली तर काय करायचं, गोल झाल्यावर दोन्ही संघांनी टाळ्या वाजवायच्या का. दुसऱ्या भागात खेळ. संघात मुलगे आणि मुली दोन्ही असतात, आणि मुलीनं पहिला गोल केल्याशिवाय मुलग्यांचे गोल धरले जात नाहीत. पंच नसतो. फाउल झाला तर खेळाडूंनीच हात वर करायचा. तिसऱ्या भागात पुन्हा सगळे बसतात आणि ठरलेले नियम कुणी पाळले, कुणी मोडले यावर बोलतात, एकमेकांच्या संघाला वागणुकीचे गुण देतात. हे गुण आणि गोलांचे गुण मिळून सामना ठरतो. जास्त गोल मारणारा संघ हरूही शकतो.

तो मुलीच्या गोलाचा नियम बघा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो दिखाऊ वाटला होता. मग शाळेत करून बघितला. तोवर मुलींना कोपऱ्यात उभं करून 'तू फक्त इथं थांब' म्हणणारे मुलगे दहा मिनिटांत ओरडायला लागले, 'अगं, पुढे जा, पुढे जा, पास घे!' त्यांचं मतपरिवर्तन झालं म्हणून नव्हे, तर तिला चेंडू दिल्याशिवाय त्यांचं चालेना म्हणून. उपदेश न करता नियमानं काम केलं. आपण वर्गात स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहून घेतो त्यापेक्षा ते बरंच बरं होतं, हे मी निबंध तपासणारा माणूस म्हणून सांगतो.

या पद्धतीत पंचाच्या जागी एक मध्यस्थ असतो आणि तो बहुधा वस्तीतलाच तरुण असतो. निकाल देणं त्याचं काम नाही. वाद झाला की दोन्ही बाजूंना बोलायला लावणं आणि गप्प बसलेल्याला विचारणं हे त्याचं काम. हे जन्मजात येत नाही. आपल्या मंडळाच्या दादाला उद्या मध्यस्थ केलं तर तो दोन मिनिटांत 'ए, गप बसा रे, मी सांगतो तेच फायनल' म्हणणार. त्याचा दोष नाही. आपण शिक्षकांनीही त्याच्यासमोर वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं!

प्रशिक्षण कुठून सुरू करायचं यासाठी आणखी दोन ठिकाणं बघण्यासारखी आहेत. बोस्नियात १९९२ ते १९९५ युद्ध झालं, शेजाऱ्यांनी शेजारी मारले. १९९८ मध्ये अँडर्स लेव्हिन्सन या डॅनिश माणसानं तिथं मुलांसाठी मजेच्या फुटबॉलशाळा सुरू केल्या. तिथं मुलांचे संघ मिश्र होतेच, पण त्याआधी वेगवेगळ्या बाजूंचे प्रशिक्षक एकत्र आणले गेले. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना एकत्र आणायचं आणि मोठ्यांनी आपापल्या कट्ट्यावर बसायचं, हे आपण सर्रास करतो. दोन वस्त्यांच्या मंडळांचे कार्यकर्ते आधी एका सतरंजीवर बसले पाहिजेत, एकमेकांचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे पाहिजे. रात्री अफवा पसरते तेव्हा हाच नंबर कामाला येतो.

दुसरं ठिकाण उत्तर आयर्लंड. तिथं बहुतांश कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं वेगळ्या शाळांत जातात, आणि खेळही वाटले गेलेत. गेलिक फुटबॉल, हर्लिंग म्हटलं की कॅथलिक. रग्बी, हॉकी म्हटलं की प्रोटेस्टंट. पीसप्लेअर्स या संस्थेनं तिथं बास्केटबॉल घेतला, कारण तो कुणाचाच नव्हता. सगळेच सारखे कच्चे. आपल्याकडं क्रिकेटला धर्म नाही म्हणतात, पण क्रिकेटमध्ये ज्याच्याकडं बॅट त्याची सत्ता असते. ज्याला लहानपणापासून खेळायला मिळालं तो पुढे, बाकीचे फिल्डिंगला. म्हणून मंडळांना मी आधी लगोरी, लंगडी, खो-खो सुचवतो. खर्च नाही, मुलं-मुली एकत्र खेळू शकतात आणि कुणी आधीच सचिन झालेलं नसतं. चकतीचा अल्टिमेट नावाचा खेळही चांगला. त्यात पंच नसतोच, खेळाडूच आपला फाउल सांगतात.

आपल्याकडं काहीच चाललेलं नाही असं नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसोबत सुरू केलेलं काम 'झुंड' चित्रपटामुळं घरोघरी पोचलं. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटात आपल्याला सामना आठवतो. पण असं काम टिकतं ते वस्तीतलीच मुलं पुढे प्रशिक्षक होतात म्हणून. मुंब्र्यात 'परचम' या गटानं मुलींचा फुटबॉल सुरू केला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर ज्या गावात माणसं भीतीनं येऊन राहिली, तिथं वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एका संघात खेळल्या. त्यासाठी त्यांना आधी मैदानावर मुलींचा हक्क मागावा लागला. मैदान हीच आपल्याकडची पहिली अडचण, हे मुंबई-ठाण्याच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

तर मंडळांच्या कार्यकर्त्यांना शिकवायचं काय? माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड आहे ते चिडवणं थांबवणं. मैदानावरची भांडणं फाउलवरून सुरू होतात असं दिसतं, पण बहुतेक वेळा आधी काहीतरी बोललं गेलेलं असतं. आडनावावरून, आईवरून, रंगावरून, 'तुमच्यात तर असंच' म्हणून. प्रशिक्षकानं ते ऐकलेलं असतं आणि 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणून सोडलेलं असतं. खेळ नेमका त्याच क्षणी थांबवायचा. ओरडायचं नाही, शिक्षा करायची नाही, थांबवायचा आणि काय झालं ते विचारायचं. हे बोलून येत नाही, करून बघावं लागतं. प्रशिक्षणात कार्यकर्त्यांनाच दोन गटांत खेळवायचं, एकाला मुद्दाम चिडवायला सांगायचं आणि दुसऱ्याला ते हाताळायला लावायचं. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्या वेळी कुणीतरी खरंच दुखावला जातो आणि मग खोलीत शांतता पसरते. तिथून प्रशिक्षण सुरू झालं असं समजा.

मग गोलात बसवून बोलतं करणं. इथं आपण शिक्षक फार बोलतो, म्हणून मंडळाच्या पोराला शिकवताना आपणच आधी शिकायचं. 'यातून आपण काय शिकलो?' असं विचारलं की मुलं 'एकतेचं महत्त्व' असं परीक्षेचं उत्तर देतात. त्याऐवजी 'आज कुणाला चेंडू कमी मिळाला?' असं विचारा. नावानिशी, घटनेनिशी उत्तर येतं.

आणि आता पळवणकर भावांची ती माघार. शांततेसाठी खेळ म्हटलं की आपल्याकडं त्याचा अर्थ 'भांडू नका, जुळवून घ्या' असा होतो. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच आपण समजूतदारपणा शिकवतो. विठ्ठल आणि शिवराम यांनी जुळवून घेतलं असतं तर १९२० मध्ये संघात शांतता राहिली असती, आणि बाळू बाहेर राहिले असते. प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्याला हा फरक कळला पाहिजे. एखादं मूल 'मी खेळणार नाही' म्हणून बाजूला बसलं तर ते रुसलंय की त्याचं काही म्हणणं आहे, हे आधी बघायचं.

हे सगळं एका दिवसाच्या कार्यशाळेत होत नाही. आपल्याकडं प्रशिक्षण म्हणजे सकाळी दीपप्रज्वलन, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. त्याला मी विरोध करत नाही, जेवण चांगलं असतं. पण दोन-तीन दिवसांनंतर महिनाभर मंडळानं आपल्या मैदानावर करून बघावं आणि पुन्हा एकत्र बसून काय फसलं ते सांगावं, एवढी तरी सोय हवी. नेहरू युवा केंद्रांनी १९७२ पासून गावच्या युवक मंडळांसोबत काम केलं, क्रीडासाहित्यही दिलं. अशा साहित्यासोबत हे प्रशिक्षण जोडणं अवघड नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ अध्यापनाशी जोडण्याबद्दल लिहिलेलं आहेच. प्रस्ताव पाठवायला आपल्याला आधार मिळतो, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही भाषणच करतोय असं होईल. इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांनंतर सल्मा मूसा या संशोधिकेनं विस्थापित ख्रिश्चन तरुणांच्या फुटबॉल लीग घेतल्या. काही संघांत मुस्लिम खेळाडू घातले, काहींत नाही. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मिश्र संघातले ख्रिश्चन खेळाडू मुस्लिम खेळाडूंशी नंतरही चांगले वागले, सहा महिन्यांनीही सोबत सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही. मैत्री मैदानाच्या कुंपणापर्यंतच गेली.

कुंपणाबाहेरचं काम मैदानाला झेपत नाही. ते घराला करावं लागतं, आणि म्हणून पालकहो, आता थोडं तुमच्याशी. मुलगा खेळून घरी आला की आपण विचारतो, 'जिंकलास का?' त्याच्या संघात कोण कोण होतं, ते कुठं राहतात, हे विचारत नाही. विचारलंच तर पुढचा प्रश्न काय असतो तेही तुम्हाला माहीत आहे. आणि मॅच संपल्यावर तो त्या भिडूला घरी पाणी प्यायला घेऊन आला, तर आपल्या घरात कुठला पेला बाहेर येतो? हा प्रश्न तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीचा वाटत असेल तर चांगलं आहे. मला दरवर्षी एखाद्या मुलाकडून तो आजचाच असल्याचं कळतं.

बाउंड्रीवरून ओरडणारे पालक हा आणखी एक विषय, त्यावर स्वतंत्र लिहीन. एवढंच सांगतो की पंचाला शिव्या देणारा बाप बघितलेल्या मुलाकडून वागणुकीचे गुण मिळवणं कुठल्याही प्रशिक्षकाला जमलेलं नाही.

करून बघायचं असेल तर सोपी सुरुवात सांगतो. आनंददायी शनिवारचा एक तास घ्या. कॅप्टनला भिडू निवडू देऊ नका, चिठ्ठ्या टाका. पहिली दहा मिनिटं नियम मुलांनाच ठरवू द्या, फार तर पाच नियम, फळ्यावर किंवा मातीत काठीनं लिहा. वीस-पंचवीस मिनिटं खेळ. शेवटी पंधरा मिनिटं गोलात बसा. जवळच्या मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांना बोलवा, पण पहिल्या वेळी त्यांनी फक्त बघायचं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी एका गटाला बसवायचं आणि तुम्ही बघायचं. तिसऱ्या शनिवारी तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला थांबायचं. ते चुकतील. मध्येच सावरायला जाऊ नका, नंतर सोबत चहा पिताना बोला.

आमच्याकडं पहिल्या शनिवारी गोलात कुणीच बोललं नाही. मुलं गवत उपटत बसली. मी दोनदा प्रश्न बदलला, तरी काही नाही. दुसऱ्या शनिवारी मंडळाच्या कार्यकर्त्यानं बसवलं. त्यानं मला सुचलाच नसता असा प्रश्न विचारला, 'आज बॉल नाल्यात गेला तेव्हा आणायला कोण गेलं?' सगळ्यांनी एका मुलाकडं बघितलं. तो सहावीतला, फारसा न बोलणारा. तो मान खाली घालूनच म्हणाला, 'दादा, नेहमी मलाच पाठवतात.' थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका मुलीनं सुचवलं, की ज्यानं मारला त्यानंच आणायचा. तो मातीत लिहिलेला आमचा सहावा नियम. पाचच ठेवायचे होते, पण हा आम्ही पुसला नाही.